पाणपोईवरचं हवामान

“मग लोक तुमचंच का ऐकतात, गुरुजी?”

निशांत ढोकेचा आवाज चढला होता. मानकर गुरुजींसमोर असा चढलेला तो पहिल्यांदाच.

गुरुजी भूगोलाचे निवृत्त शिक्षक. पिंपळझरीच्या बाजार मैदानाला लागून, कडुनिंबाखाली, दर उन्हाळ्यात त्यांची पाणपोई असे. रांजणांतलं पाणी फुकट आणि त्याबरोबर हवामानही फुकट. पारा कुठवर चढेल, वारा कधी फिरेल, वादळ कोणत्या बाजूने उठेल, हे ऐकल्याशिवाय कोणी तिथून हलत नसे.

पण अंदाजाआधी गुरुजी दर गिऱ्हाइकाला आदल्या दिवशीची चूक सांगत. काल म्हटलं होतं ढग इकडे येतील, ते तिकडेच रिते झाले, चुकलो बरं का. माणसं हसत, पाणी पीत आणि मग कान टवकारून पुढचं ऐकत.

निशांतला हा प्रकार म्हणजे हात दाखवून अवलक्षण वाटे. शाळेत ढगांची नावं त्याला गुरुजींनीच शिकवली होती आणि त्या माणसावर त्याचा जीव होता. त्यांच्याइतकं आभाळ वाचणारा माणूस आपण पाहिला नाही, असं तो उघड म्हणायचा. पण आता त्याच्या मोबाइलवर रडारची चित्रं होती, गच्चीवर वारा मोजायचं यंत्र होतं, आणि त्याच्या हवामान ग्रुपमध्ये अर्धा तालुका होता.

आज मात्र त्याचा जीव टांगणीला लागला होता. मैदानात सामूहिक लग्नं होती. लोखंडी पाइपांचा भला थोरला मंडप आणि त्याखाली बायापोरांसकट सगळा गोतावळा. अंगाची लाही लाही होत होती, आणि पश्चिमेला एक ढग उभाच्या उभा वाढत होता.

मंडप रिकामा करा म्हणताच संयोजक बबनराव धोट्यांनी त्याला उडवून लावलं होतं. “परवा तुह्या भरोशावर बाजार उठला. थेंब तरी पडला काय?”

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पिणारच. म्हणून निशांत धावत पाणपोईवर आला होता.

गुरुजींनी डोळ्यांवर हात आडवा धरून पश्चिमेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“तुझं बरोबर आहे,” ते म्हणाले. “वादळ येतं आहे.”

“मग चला ना. तुम्ही सांगा.”

“तू पाहिलंस. तू सांग.”

त्यावरच निशांत चिडून, लोक तुमचंच का ऐकतात, असं बोलला होता.

गुरुजींनी रांजणात ओगराळं बुडवलं, पेला भरला आणि त्याच्या हातात दिला. तो पिईपर्यंत थांबले.

“परवा काय झालं?”

“परवा... अंदाज जरासा हुकला.”

गुरुजींनी रिकामा पेला परत घेतला.

“बाजार उठवला मी. पाऊस आला नाही.”

“मग?”

“मेसेज पुसून टाकला.”

“म्हणजे आता लोकांना माहीत नाही?”

निशांतने मान खाली घातली... “माहीत आहे.”

“तू चुकलास, हे त्यांना माहीत आहे,” गुरुजी म्हणाले. “तुला माहीत आहे की नाही, तेवढंच त्यांना कळत नाही.”

मग त्यांनी काठी घेतली. “चल. नाहीच ऐकलं कोणी, तर मी आहे मागे.”

निशांतने माइक मागितला तेव्हा भटजी वैतागले आणि धोटे अंगावर धावून आले. गुरुजींनी मंडपाच्या दारातून नुसता हात वर केला, तसे धोटे थांबले.

निशांतने माइक तोंडाशी धरला.

“परवा मी तुमचा बाजार उगाच उठवला,” तो म्हणाला. “चुकलो. त्याआधी उन्हाची लाट ओसरली म्हणालो आणि दुसऱ्याच दिवशी माणसं भोवळ येऊन पडली. तेव्हाही चुकलो. दोन्ही वेळा लपवलं. आज तो पश्चिमेचा ढग पाहून सांगतो, थोड्याच वेळात मोठं वादळ येईल. हेही चुकू शकतं. पण समोरच्या शाळेच्या इमारतीत चला.”

हशा पिकला. मग पुढच्या रांगेतली एक म्हातारी नातवाला काखोटीला मारून उठली.

“कबूल करते न पोट्टं. चाला.”

ती उठली तशी रांग उठली. नवऱ्या मुंडावळ्या सावरत निघाल्या, आचाऱ्यांनी चुली विझवल्या, आणि सगळ्यांत शेवटी धोटे पुटपुटत बाहेर पडले.

शाळेची दारं लावली आणि वारा सुटला. धुळीने दिवस काळा झाला. खिडकीच्या गजांतून सगळ्यांनी पाहिलं. मंडप एकदा फुगला, उचलला गेला आणि पाइपांसकट रिकाम्या खुर्च्यांवर कोसळला.

कोणाला खरचटलंही नाही.

त्यानंतर शाळेच्या व्हरांड्यात लग्नं लागली. धोट्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार काढून निशांतला घातला आणि डोळे पुसले. म्हातारीने त्याची दृष्ट काढली.

तो पाणपोईवर आला तेव्हा गुरुजी फुटलेल्या रांजणाची खापरं गोळा करत होते. उरलेल्या एका रांजणाभोवती माणसं पाण्यासाठी थांबली होती. निशांतला रडू येत होतं आणि हसूही. तो त्यांच्या पाया पडला.

“गुरुजी, सगळं जुळलं. वेळ, दिशा, जोर... सगळं.”

गुरुजींनी त्याच्या डोक्यावर ओला हात ठेवला. तो हात किती तरी वेळ तिथेच होता.

“आज कुठे चुकलास?”

“आज?” निशांत हसला. “आज कुठेच नाही, गुरुजी.”

गुरुजींनी हात काढून घेतला. पुढच्या माणसाचा पेला भरला...

“मग उद्या तुझं कोण ऐकणार?”