पगडबंदाच्या पायरीवर

मोहरपेठेच्या ओढ्यावर पूल बांधायचा की नाही, हे ठरवायला संस्थानचे दिवाणसाहेब आले, आणि आले ते नेमके भर दुपारी. व्यापाऱ्यांचे पुढारी दाजीशेट तांबट उपरणं सावरत सामोरे गेले.

"साहेब, पूल झाला की पाच वर्षांत पेठ दुप्पट होते की नाही बघा!" ते छातीठोकपणे म्हणाले.

दिवाणसाहेबांनी रस्ताभर नजर फिरवली. एकूण एक दुकानाच्या फळ्या लावलेल्या आणि आतून घोरण्याचे आवाज.

"दुप्पट? अहो, ही पेठ बुडालीय! पूल शेजारच्या गावाला देतो," असं म्हणून ते तावातावाने वळले, तशी त्यांची पगडी एका दुकानाच्या बुटक्या कमानीला अडकून थेट गटारात पडली.

संध्याकाळी तर दरबार! बोडक्या डोक्याने जाणार कसं? दिवाणसाहेब नवी पगडी बांधून घ्यायला पगडबंदाच्या दुकानाकडे धावले. तिथेही फळ्या, आणि पायरीवर गप्पा मारत बसलेली सहा गिऱ्हाइकं.

"चारला उघडेल. बसा, माझ्यामागे तुमची पाळी," एक म्हातारा सरकून जागा देत म्हणाला.

दिवाणसाहेब निमूट बसले. दाजीशेटांनी त्यांच्या हातात पन्ह्याचा पेला दिला.

"साहेब, बुडालेल्या पेठेत दुकानदार गिऱ्हाइकाची वाट बघत बसतो. इथे दुकानदार खुशाल झोपलाय आणि गिऱ्हाईक वाट बघतंय. त्यात आज आपणही आहात!"

दिवाणसाहेबांना हसू आवरेना. "दिला पूल! आता तरी त्याला उठवा."

"पूल दिलात, फार उपकार झाले," म्हातारा म्हणाला, "पण पाळी माझ्यामागेच."