बहिऱ्या मिस्त्रीचा तळहात

घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात भाड्याची मोटार एकच, आणि ती चालवायचा हैबती. वीस वर्षं घाट चढून-उतरून त्याला वाटू लागलं होतं की, गाडीतलं आपल्याला कळत नाही असं काही उरलेलंच नाही.

एकदा गाडी घुमू लागली. वेग वाढला की आवाजही वाढायचा. "टायर झिजले," म्हणत हैबतीनं टायर बदलले. आवाज तसाच. "मग डावं चाक," म्हणत त्यानं डाव्या चाकाचं बेअरिंग बदलून घेतलं. तरीही आवाज तसाच. "जुनी गाडी, कुरकुरणारच," म्हणून त्यानं नाद सोडला.

एका सकाळी दोन म्हाताऱ्या बहिणी गाडीत बसल्या. थोरलीच्या डोळ्याचं ऑपरेशन घाटापलीकडच्या दवाखान्यात व्हायचं होतं. गाव मागे पडलं आणि घुमण्याची घरघर झाली.

"हैबती, पायाखाली कुणी दळण दळतंय का रे?" थोरलीनं विचारलं. "वाटेतल्या त्या मिस्त्रीला दाखव की."

रस्त्याकडेला एका बहिऱ्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. हैबती तिथे कधी गेला नव्हता. ज्याला ऐकूच येत नाही, तो आवाज काय शोधणार? पण म्हातारीचा शब्द मोडवेना. त्यानं गाडी वळवली.

मिस्त्रीनं त्याच्या ओठांकडे बघून सगळं समजून घेतलं. चपला काढून तो शेजारी बसला, अनवाणी पाय गाडीच्या तळाला टेकवले आणि म्हणाला, "चालव. आता डावीकडे घे. आता उजवीकडे."

दोनदा वळवून झाल्यावर तो म्हणाला, "उजवं चाक."

"छे! आवाज डावीकडूनच येतो," हैबती म्हणाला.

"डावीकडे वळलास की भार उजव्या चाकावर येतो. तेव्हाच थरथर वाढते."

त्यानं गाडी जॅकवर उचलली, इंजिन बंद करायला लावलं आणि हैबतीचा तळहात आधी डाव्या चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवला. ते चाक हातानं फिरवलं. काहीच जाणवलं नाही. मग तळहात उजव्या चाकामागच्या स्प्रिंगवर ठेवून ते फिरवलं.

हैबतीनं तळहात आणखी घट्ट दाबला. लोखंडातून बारीक खरखर थेट हातात चढत होती. खडे भरडावेत तशी. वीस वर्षांत त्यानं गाडीला असा हात कधी लावलाच नव्हता.

"ऑपरेशनची वेळ झालीय," तो चाचरत म्हणाला. "येताना केलं तर?"

"गाडी तुझी. मी अडवणार नाही," मिस्त्री म्हणाला. "हात तिथेच ठेव आणि ठरव."

हैबतीनं खाली उतरून बाजूला बसलेल्या बहिणींकडे पाहिलं. मग फोन काढून दवाखान्यात कळवलं, "आम्हाला उशीर होतोय." दुपारची वेळ मिळाली.

मिस्त्रीनं जुनं बेअरिंग दाबयंत्रात धरून बाहेर काढलं. आतल्या गोळ्यांवर खड्डे पडले होते आणि त्यांना धरणारी कडी दोन ठिकाणी तुटली होती. हैबतीला दरीकडेची वळणं आठवली. नवं बेअरिंग सरळ बसलं, नट मापात आवळला गेला. मिस्त्रीनं चाक फिरवलं. हैबतीनं पुन्हा हात ठेवला, तर स्प्रिंग अगदी शांत होती.

"तुम्हाला हे कसं कळतं?" हैबतीनं हळूच विचारलं.

"ऐकू येईनासं झालं, तेव्हा थांबून हात लावायला शिकलो," मिस्त्री हसला. "तुला ऐकू येत होतं, म्हणून तू थांबलाच नाहीस."

हैबतीनं ते तेलकट हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावले.

त्या दिवशी घाट चढताना गाडी इतकी शांत होती की दरीतल्या ओढ्याचं पाणी ऐकू येत होतं.

तात्पर्य एवढंच: माणसात काय उणं आहे ते मोजत बसाल, तर त्याला काय उमगलं आहे ते तुम्हाला कधीच कळणार नाही.