बुडापेस्टला न गेलेला गोलरक्षक

"मग मी काय करायला हवं होतं? तुम्हीच सांगा, प्रोखोर सावेल्येविच."

रोदिओनचा आवाज त्या चिमुकल्या स्वयंपाकघरात मावत नव्हता. म्हातारा खाली मान घालून बरणीत काकड्या खारवत होता.

कारखान्याच्या फुटबॉल संघात याच म्हाताऱ्याच्या हाताखाली घडून रोदिओन एकेकाळी साऱ्या सोव्हिएत देशात गाजला होता. पुढं गुडघा कायमचा गेला आणि तो त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. आणि आता, बुडापेस्टच्या दौऱ्यावर निघायच्या तोंडावर, पक्षाच्या समितीनं त्याचा गोलरक्षक इल्मार याला वगळलं होतं. इल्मारचा भाऊ परदेशात पळून गेला, एवढाच त्याचा गुन्हा.

रोदिओन म्हाताऱ्यापुढं समितीच्या नावानं वाटेल ते बोलला. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नाही, ते म्हणे संघ निवडणार. तो भांडायला गेला, तर तुझीही खुर्ची जाईल म्हणाले.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

"इल्मारला कोणी सांगितलं?"

"फलकावर संघ लावला होता... वाचलं असेल त्यानं."

"तू कुठं होतास?"

"घरी. कोणत्या तोंडानं जाणार होतो? माझा काय दोष यात?"

म्हाताऱ्यानं बरणीत शेपूची काडी खोचली.

रोदिओन आणखीच भडकला. "तुमच्या वेळी तरी काय वेगळं होतं? पॅरिसच्या दौऱ्यातून मलाही वगळलंच होतं ना? हुकूम वरूनच आला होता. तुम्ही काय केलंत? बर्फ तुडवत ते सांगायला माझ्या घरी आलात, आणि..."

तो अडखळला.

"आणि?"

"...मी तुमच्या तोंडावर दार आपटलं."

"चांगलं जोरात आपटलंस." म्हाताऱ्यानं बरणीचं झाकण लावलं. "मग कसं वाटलं?"

रोदिओननं खिडकीकडं तोंड फिरवलं.

"...बरं वाटलं."

म्हाताऱ्यानं ओले हात पुसले. खुंटीवरची रोदिओनची टोपी काढली आणि त्याच्या हातात दिली.

"जा. इल्मारला दार आपटायचं असेल."