शेपटीवरचं बाशिंग

चिपळूणच्या बाजारात खांबेटेकाकांचं चष्म्यांचं दुकान होतं. दुकानात काचेची एक मोठी टाकी, आणि त्या टाकीत एक तांबडा गोल्डफिश आपल्या धाकट्या बहिणीबरोबर राहत असे. मासा भारी ऐटबाज! दिवसातून दहा वेळा काचेत स्वतःला बघायचा. बहीण मात्र भित्री. जरा पाणी हललं की ती पानांमागे पळायची. तळाशी एक काळी म्हातारी मासोळी असे, तिला सगळे आजी म्हणत. आजीला दिसायचं कमी, पण कळायचं सगळं.

पौषातल्या एका सकाळी बहिणीला भावाच्या शेपटीवर तीन पांढरे ठिपके दिसले, रव्याच्या कणांएवढे. "दादा, हे काय रे?"

"खुळे, एवढंही कळत नाही? बाशिंग आहे ते! लग्नाचा झालो मी," दादा फुशारून म्हणाला.

आता बाळांनो, त्याचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं. गोल्डफिशमधला नर लग्नाचा झाला की त्याच्या गालांवर बारीक पांढरे दाणे उठतात. टाकीतले मासे त्यालाच बाशिंग म्हणत. पण ते गालांवर हो! आणि तेही थंडी सरल्यावर. आपल्याकडचा उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग बांधतो. या पठ्ठ्याने भर थंडीत शेपटीला बांधलं!

बहिणीने ऐकून घेतलं. पण दुपारी बघते तर काय, दादा कोपऱ्यातल्या दगडाला अंग घासतोय. खाज सुटल्याशिवाय का कोणी असं घासतं? ती कळवळून म्हणाली, "दादा, काकांना दिसू दे ना. ते करतील काहीतरी."

ते ऐकताच दादाची सगळी ऐट उतरली. "अजिबात नाही! गेल्या वर्षी आपल्या टाकीतल्या त्या पिवळ्या माशाला असेच ठिपके होते. काकांनी जाळीत उचललं, बादलीत टाकलं. आला का तो परत? जाळीत गेला तो गेला. कुणाला सांगितलंस तर माझ्या मरणाचं पाप तुझ्या माथी. घे शपथ!"

घेतली तिने शपथ. करते काय बिचारी!

तेव्हापासून तिचं खाणंपिणं सुटलं. काका दाणे टाकायला आले की दादा पाणवनस्पतींमागे दडी मारायचा आणि ही शेपटी पसरून त्याच्या पुढ्यात उभी राहायची. एकदा आजीने तिला जवळ बोलावलं. "पोरी, तुझा भाऊ दगडाला अंग का गं घासतो? ठिपके तर नाहीत ना आले?"

"नाही आजी, बाशिंग आहे ते."

"पौषात?" आजीने एवढंच विचारलं. बहीण तिथून सटकली.

पाचव्या दिवशी ठिपके गळून पडले. शेपटी लख्ख! दादा टाकीभर गिरक्या घेत म्हणाला, "बघ! उगाच जीव टांगणीला लावला होतास." बहिणीचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

पण कसलं काय! आठवड्याभरात दादाचं अंग रवा भुरभुरल्यासारखं पांढरं झालं. पर मिटून तो पाण्याच्या वरच्या थराशी धापा टाकू लागला. बहिणीच्या स्वतःच्या परावर दोन ठिपके उठले. आणि आजीच्या काळ्या पाठीवर तर इतके, की मोजता येईनात.

बहिणीला काही सुचेना. सांगावं तर शपथ मोडते आणि दादा जाळीत जातो. न सांगावं तर सगळेच जातात. शेवटी ती काचेजवळ गेली, डोळे मिटायला पापण्या नव्हत्या म्हणून उघड्या डोळ्यांनीच उभी राहिली आणि तिने आपला पर काकांसमोर पसरला.

काका चष्मा पुसता पुसता थांबले. त्यांनी भिंग काढून काचेला लावलं. "अगं मंदाकिनी, इकडे ये लवकर! पांढऱ्या ठिपक्यांचा रोग पडलाय टाकीत!"

काकू गल्ल्यावरून उठून आल्या. "अहो, पण परवापर्यंत तर एकाच्याही अंगावर काही नव्हतं!"

"दिसलं नसेल. ठिपका गळला म्हणजे रोग गेला असं नव्हे. तो तळाच्या खड्यांत पडतो, तिथे फुटतो आणि एकाचे शंभर होऊन परत माशांना धरतात. पिवळ्याचंही हेच झालं. पानांमागे लपून राहिला, हाती लागला तेव्हा अर्धा मेला होता. मग बादलीत औषध देऊन तरी काय उपयोग?"

बहीण ऐकतच राहिली. म्हणजे पिवळा जाळीने मेला नव्हता तर!

काकांनी कुणालाच जाळीत उचललं नाही. त्यांनी तळाचे खडे उपसून काढले, थोडं थोडं करत पाणी बदललं, हीटर लावून हळूहळू ऊब वाढवली, खडेमीठ विरघळवून ओतलं आणि वर निळं औषध मोजून टाकलं. ठिपके गेल्यावरही औषध बंद केलं नाही, पुरते दिवस चालू ठेवलं. दादाचे पर उघडले. बहिणीचे ठिपके गेले. आजी मात्र औषधाच्या पहिल्याच दिवसापासून तळाशी कुशीवर पडली होती.

बहीण तिच्याजवळ गेली. "आजी, मी तुझ्याशी खोटं बोलले गं."

"ठाऊक होतं मला," आजी क्षीण आवाजात म्हणाली. "आज सांगशील, उद्या सांगशील, म्हणून रोज तुझी वाट बघत होते."

दुसऱ्या सकाळी काकांनी दुकान उघडलं तेव्हा आजी पाण्यावर उलटी तरंगत होती. दादा आणि बहीण तिच्याखाली एकमेकांना चिकटून उभे होते, आणि त्या दिवशी दोघांनीही दाण्याला तोंड लावलं नाही.

तात्पर्य : आपल्या माणसाचं दुखणं वेळेवर सांगावं, शपथ मोडली तरी चालेल, उशिरा सांगितलेलं खरं सगळ्यांनाच वाचवू शकत नाही.