पालथे रांजण

"माती बदलली असेल का हो, आजी?"

एलेंगूआजीने बाराव्या रांजणावरून बोट फिरवलं. गळ्याच्या खाली, खांद्यावरून, तडा गोल फिरून आला होता. आधीच्या अकरा रांजणांनाही तो तिथेच गेला होता.

विचारणारे होते डॉ. अच्युत खांबेटे. घर पुण्याला, मुक्काम सायप्रसला. साडेतीन हजार वर्षांपूर्वी या बेटावर तेलाचे रांजण कसे घडवत, हे शोधण्यात त्यांची सात वर्षं गेली होती. त्यावर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. आता पुस्तकाबरहुकूम रांजण घडवून दाखवायचा होता. हत्यारं जुनी, रीत जुनी, भट्टीही लाकडाची.

भट्टी एलेंगूआजीची होती. डोंगरातल्या त्या खेड्यात मोठे रांजण वळणारी ती एकटीच उरली होती. वय ऐंशीच्या पुढे, पण जिभेला अजून चांगली धार.

ऑक्टोबरात संग्रहालयाची मंडळी येणार होती. रांजणात तेल भरायचं आणि आठवडाभर ठेवायचं. टिकलं तर खांबेट्यांचं पुस्तक खरं. गळलं तर सात वर्षं पाण्यात.

दोन वर्षं खांबेटे आजीच्या अंगणात राबत होते, पण आजीकडून काही शिकत नव्हते. तिने मदतीला हात पुढे केला की म्हणायचे, "नको आजी. तुमची रीत आजची. मला त्या काळची हवी."

आजी बरं म्हणायची आणि कॉफी ठेवायला जायची.

"माती तीच आहे," आता ती म्हणाली.

"मग लाकूड?"

"तेच."

"मग मी मापात कुठे चुकलो?"

हे त्यांनी अशा आवाजात विचारलं, की समोरच्याने 'छे छे' म्हणावं. आजी म्हणाली नाही.

"मापं दाखव."

खांबेट्यांनी वही उघडली. त्यांचा चेहरा उजळला.

"खांद्याचा उतार, अठरा अंश. उत्खननात एकशे बेचाळीस रांजण सापडले, आजी. सगळ्यांचा उतार सतरा ते एकोणीस. ही त्या कुंभारांची खास घडण. माझ्या बाराही रांजणांचा उतार बरोब्बर अठरा आहे."

त्यांनी फोटो पुढे केला. आजीने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"यांनाही तडा आहे की. तिथेच."

"तो मातीच्या ओझ्याने. साडेतीन हजार वर्षं वरून ओझं होतं ना."

"असं होय…"

खांबेटे जरा घुटमळले. मग हळूच म्हणाले, "आजी, आतून मेणाचा हात फिरवला तर? आठवडाभर तेल धरेल. कुणाला दिसणारही नाही."

आजीने फोटो त्यांच्या खिशात खोचला.

"उचल," ती म्हणाली.

"कुठे न्यायचाय?"

"उचल तर."

दोघांनी रांजण उचलला आणि भट्टीला वळसा घालून मागे नेला. दोन वर्षांत खांबेटे तिथे एकदाही गेले नव्हते. आजचं काय बघायचं, असा त्यांचा हिशेब.

आजीने रांजण पालथा केला आणि भिंतीलगत टेकवला.

तिथे आजीने गावातल्या पोरांकडून हलवून घेतलेले आधीचे अकरा होते. त्यांच्या पलीकडे आजीचे स्वतःचे, पंचवीस-तीस तरी. सगळे पालथे, एका ओळीत.

खांबेट्यांनी खिशातून फोटो काढला. ओळीकडे पाहिलं. फोटोकडे पाहिलं. त्यातलेही सगळे पालथे, एका ओळीत.

"आजी… हे पालथे का?"

"सरळ ठेवले तर पावसाचं पाणी साचतं. डास होतात."

"डास…"

पुस्तकात त्या पालथ्या रांजणांवर अकरा पानं होती. तेल संपल्यावर रिकामा रांजण देवीपुढे पालथा घालत, असा विधी खांबेट्यांनी त्यात सिद्ध केला होता. एका परिषदेत त्यावर टाळ्याही पडल्या होत्या.

ते जमिनीवरच बसले.

"आणि हे… सगळे…?"

"बिघडलेले. मातीच्या खालच्या वळ्या ओल्या असताना पुढच्या चढवायची घाई केली की वरचा भार झेपत नाही. भट्टीत खांदा बसतो आणि तिथेच तडकतो." आजी शेजारी टेकली. "असा उतार कुणी मुद्दाम वळत नाही रे. तुझे सापडले कुठे?"

खांबेट्यांनी फोटो मांडीवर उलटा ठेवला.

"भट्टीच्या मागे," खांबेटे म्हणाले. "मी त्याला कोठार म्हटलंय."

आजी हसू लागली. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांना पाणी आलं. तिने ते पदरासारख्या मोठ्या रुमालाने पुसलं आणि पुन्हा हसली.

"दोन वर्षं मला कळेना, हा शहाणा माणूस खांदा बसवूनच का वळतो! म्हटलं, याच्या देशात तसंच असेल."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुला आजचं नको होतं ना?"

खांबेट्यांचे कान लाल झाले. राग आला होता, पण कुणावर काढावा हे कळत नव्हतं.

"म्हणजे सात वर्षं मी एका वाईट कुंभाराच्या चुका गिरवल्या."

"वाईट?" आजीचं हसू एकदम थांबलं. "वाईट कुणाला म्हणतोस? एकशे बेचाळीस बाजूला काढले त्याने. एकही गावात जाऊ दिला नाही. आणि तू? तू मेण फासून संग्रहालयात निघाला होतास."

खांबेट्यांनी मान खाली घातली.

मग त्यांचे खांदे हलू लागले. आजीला वाटलं, रडतोय. तिने पाठीवर हात ठेवला. पण ते हसत होते. "डास!" म्हणत होते आणि हसत होते.

"पण एक सांगते," आजी म्हणाली. "इतका तंतोतंत बिघडलेला रांजण मी जन्मात पाहिला नव्हता."

"मग तुम्ही हे ठेवता कशाला, आजी?"

ती उठली. कोपऱ्यातला दगडी खल पायाने पुढे सरकवला आणि बत्ता खांबेट्यांच्या हातात दिला.

"फोड. मग कूट. हा चुरा नव्या मातीत घातला की खांदा धरतो. त्या बिचाऱ्या कुंभाराला कुटायला वेळ मिळाला नसेल."

पहिला रांजण फोडताना खांबेट्यांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्याला मिटले नाहीत. पाचव्यापासून बाह्या वर गेल्या, आणि बारावा फोडताना ते चक्क गुणगुणत होते. संग्रहालयाला पत्र लिहायचं त्यांनी तिथेच ठरवलं. तेलाचा कार्यक्रम रद्द, पुस्तकातलं कोठारही रद्द.

दुपारभर ते कुटत राहिले. अंगावर, केसांवर, चष्म्यावर लाल धूळ बसली. बाराही रांजण संपले तेव्हा खलाशेजारी चुऱ्याचा ढीग झाला होता आणि खलही काठोकाठ भरला होता.

त्यांनी कपाळ पुसलं.

"आणि सात वर्षं, आजी?"

आजीने खलातली चिमूट उचलली, बोटांत चोळली आणि परत टाकली.

"ती जास्त बारीक कुटावी लागतील."