बिनदारांची रांग

साहेब, ती मोजपट्टी जरा बाजूला ठेवा. नदीकाठाचे नवे नियम करायला आलात, तर आधी ही रांग बघा. खाली दुकानं, वर घरं. वरच्या घरांना दारं आहेत, खालच्या एकाही दुकानाला नाही. मी केशव भावसार, जन्म याच रांगेतला. मला हे वडिलांनी सांगितलं.

असं सांगतात, की पूर्वी काठावर फक्त धंदा चाले. दिवस मावळला की सगळ्यांनी टेकाडावरच्या गावात परतायचं, असा नियम होता. रंगाऱ्यांना तो जाचायचा, कारण निळीचं पिंप उबेला ठेवावं लागतं. रात्रीत गार पडलं की रंग गेलाच. शेवटी हिरोजी रंगाऱ्यानं पंचांपुढे पदर पसरला आणि पंचांनी नियम बदलला. खाली पिंपं, वर बिऱ्हाड. मात्र खाली कोणी निजायचं नाही.

त्याच पावसाळ्यात हिरोजीची बायको येसू बाळंत झाली. बाळंतिणीला ऊब हवी, आणि अख्ख्या घरात ऊब होती ती पिंपाशेजारी. हिरोजीनंच तिची खाट खाली टाकली. वारं लागू नये म्हणून दार घट्ट लावून घेतलं आणि बाहेरच्या जिन्यानं वर निजायला गेला. तुम्हीआम्हीही हेच केलं असतं.

पहाटे नदी चढली. दार बाहेर उघडणारं आणि पाण्याचा रेटाही बाहेरूनच. हिरोजी छातीभर पाण्यात उभा राहून दार ओढत होता. आतून येसू म्हणे एकदाच बोलली, "अवो, लेकराला तरी घ्या." दार हललं नाही.

पाणी ओसरल्यावर हिरोजी रडला नाही. त्यानं आपलं दार उतरवलं, भिंतीला टेकवलं. मग शेजाऱ्याचं. मग त्याच्या पुढच्याचं. कोणी अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं नवी नीळ भिजत घातली. लहानपणी हे ऐकून मला रडू यायचं. आता काही वाटत नाही, नुसतं सांगतो.

तुमच्या मसुद्यात प्रत्येक दुकानाला शटर सक्तीचं आहे म्हणे. लिहा, तुमचं काम आहे ते. आजही एखादा नवा माणूस हौसेनं दार बसवतो. त्याच्याशी कोणी भांडत नाही. रांगेतलं कोणीतरी जातं, दार उतरवतं आणि आपल्या कामाला लागतं. गेल्या महिन्यात मी माझ्या जावयाचं उतरवलं. लेक वर बाळंतीण आहे. तिनं खिडकीतून पाहिलं आणि आत गेली.