सुगंधाचा वस्तरा

कवटीच्या पांढऱ्या हाडाच्या घुमटाखाली एक राज्य होतं. तिथे मिशीला मान होता आणि बाईला दरबारात मज्जाव. दक्षिणेकडच्या जुळ्या गढ्यांवरून, रक्ताच्या नदीतून, रोज नवे सरदार येत. मिशांना पीळ देत ते आतल्या महालाकडे जात आणि थोड्याच वेळात महालातून हुकूम सुटत: लढा, सीमा राखा, राणीकडे बघा.

महालाच्या उंबऱ्यावर सुगंधा नावाची न्हावीण बसे. ती तिथे काय करते, हे कुणी विचारत नसे.

प्रधान दंभाजीने एकदा वाकून पाहिलं आणि त्याला घेरीच आली. सुगंधाने एका सरदाराची मिशी उतरवली, मनगटात बांगडी चढवली, आणि उंबरा ओलांडून आत गेली ती चक्क एक बाई!

"हा काय चावटपणा?" दंभाजी ओरडला.

"आतलं कुलूप बांगडीच्या हातानेच उघडतं, प्रधानजी. मला काय विचारता? कुलपाला विचारा."

"राज्याची अब्रू घालवलीस! चालती हो."

सुगंधाने वस्तरा पुसला आणि ती गेली.

मग दारापाशी मिशाच मिशा जमल्या. सरदारांनी दाराला धक्के दिले, लाथा घातल्या. दार उघडेना, तेव्हा कुणाची मिशी लांब यावर त्यांची जुंपली. आतून एकही हुकूम सुटला नाही. राजा दिवसभर आपली नखं बघत बसला. सैनिक तलवारी धरून उभे होते, पण त्या कशासाठी उपसायच्या, ते कुणालाच आठवेना. दंभाजीने दवंडी पिटवली, "ही मरगळ नव्हे, हा पौरुषाचा संयम आहे."

शत्रूने सीमेवरची तीन गावं घेतली.

रणझुंजार नावाचा एक तरणा सरदार तेव्हा गर्दीतून उठला आणि सुगंधाच्या झोपडीशी गेला.

"बाई, परत चला."

"एकदा उतरवली की ती मिशी पुन्हा येत नाही. परतीची वाट नाही."

"ठाऊक आहे." त्याने मिशीवरून एकदा बोट फिरवलं. "दुखतं का हो?"

"मिशीला दुखतं. तुम्हाला नाही."

सुगंधा उंबऱ्यावर येऊन बसली, तेव्हा दंभाजी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. वस्तरा फिरला, बांगडी चढली. रणझुंजार आत गेला, म्हणजे गेली, आणि आपल्याला नेमकं काय हवं होतं ते तिला पहिल्यांदाच लख्ख कळलं. कुलूप उघडलं, महालातून पुन्हा हुकूम सुटले. संध्याकाळपर्यंत तिन्ही गावं परत आली.

विजयाच्या दिवशी चौक फुलून गेला होता. दंभाजी मिशीच्या पराक्रमावर तासभर बोलला. एवढ्यात वाऱ्याने सज्जाचा पडदा सरकला. आत रणझुंजार उभी होती, जरा कंटाळलेली. तिने बांगडीचा हात वर केला.

खाली हजारो गळ्यांतून एकदम गर्जना उठली, "मिशीचा विजय असो!"

तिने हात खाली घेतला. चौक गप्प झाला, आणि बोलता बोलता दंभाजीही खाली बसला.